पॅड.मा : रशेस जपणारं संग्रहालय

मालिका असो की माहितीपट, शूट झालेल्या रशेसमधलं, म्हणजे कच्च्या चित्रणातलं, फार थोडं प्रेक्षकांपर्यंत पोहोचतं. उरलेलं हार्ड डिस्कवर पडून राहतं आणि जागा कमी पडली की पुसलं जातं. ठाण्यात घोडबंदर रोडला मी मालिकांचं एडिटिंग करते, त्यामुळे हे नेहमी डोळ्यांसमोर घडतं आणि दर वेळी जिवाला लागतं. प्रश्न संपल्यावरही माणूस बोलत राहतो, मागून कुणीतरी चहा आणतं, रस्त्यावर मोर्च्याच्या घोषणा सुरू होतात. हे सगळं त्या उरलेल्यातच असतं. पॅड.मा या वेबसाइटवर मी इतकी जीव लावून लिहिते आहे, कारण तिथे तयार फिल्मपेक्षा फुटेजला मान आहे.

नाव म्हणजे पब्लिक अॅक्सेस डिजिटल मीडिया आर्काइव्हचं लघुरूप. 2008 मध्ये मुंबईतला कॅम्प हा कलावंतांचा गट, मजलिस आणि पॉइंट ऑफ व्ह्यू या संस्था, बंगळुरूचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनमधल्या काही मंडळींनी मिळून ते सुरू केलं. म्हणजे कलावंत, वकील आणि प्रोग्रामर एकत्र बसले. बघायला पैसे लागत नाहीत.

एखादी क्लिप उघडलीत की खाली तिची अख्खी लांबी चित्रपट्टीसारखी पसरलेली दिसते. कट कुठे आहे, दृश्य कुठे बदललं, हे न चालवताच कळतं. शेजारी बोलण्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः उतरवलेला मजकूर, आणि नोंदी, आणि प्रत्येक नोंद त्या त्या सेकंदाला बांधलेली. शब्द शोधलात तर थेट त्या क्षणापाशी जाता येतं. आमच्याकडे हे काम असिस्टंट एडिटर करतो. रात्र रात्र बसून टाइमकोडसकट लॉगिंग करतो, म्हणजे कोणत्या सेकंदाला काय आहे ते लिहून काढतो, आणि एपिसोड गेला की त्या शीटला कुणी विचारत नाही. पॅड.मावर तेच लॉगिंग सगळ्यांसमोर उघडं आहे. चित्रण एकाचं, ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्याचं, त्यावर अभ्यासकाची टीप तिसऱ्याची. खातं उघडलं की आपणही लिहू शकतो. संग्रहालयात काचेला हात लावू नका म्हणतात. इथे समासात लिहा म्हणतात, आणि कलासंस्थेतला हा बदल मला इंटरनेटने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

कला नेटवर आणण्याचे प्रयत्न तसे पुष्कळ झाले आहेत. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने 2003 मध्येच मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्तांकडून ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ ही नेटवरची कलाकृती करून घेतली. बंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी 2020 च्या डिसेंबरमध्ये आधी नेटवर उघडलं, इमारतीचे दरवाजे 2023 मध्ये उघडले. बाजारानेही आपली वाट काढली : 2021 मध्ये बीपल या डिजिटल कलावंताची 5000 चित्रांची एक डिजिटल फाइल क्रिस्टीज या लिलावगृहात सुमारे 6.93 कोटी डॉलरना गेली. जे चित्र कुणीही पडद्यावर बघू शकतो, त्याला एक मालक मिळवून देण्यासाठी एवढा खटाटोप. माझा ओढा उघडपणे दुसऱ्या बाजूला आहे.

याच कॅम्पची ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ ही 2013 ची फिल्म खलाशांनी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंमधून उभी राहिली आहे. लाकडी गलबतं, त्यांवरचा माल आणि खलाशांनीच निवडलेली गाणी. कॅमेरा खलाशांचा, कलावंतांनी जमवलं आणि जोडलं. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने कॅम्पचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा एडिटर म्हणून मला फार अभिमान वाटला.

प्रत्यक्ष गॅलरीची गरज मात्र यामुळे संपत नाही. कॅम्पचंच ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन एकाच वेळी अनेक पडद्यांवर चालतं, ते लॅपटॉपवर बघणं म्हणजे न बघणंच. पण ठाण्यात नाटकाला गडकरी आणि घाणेकर आहेत, व्हिडिओ आर्टला तसं घर नाही. त्यासाठी सीएसएमटीला उतरून काळा घोड्यापर्यंत जायचं, अंधाऱ्या खोलीत मधूनच शिरायचं, आणि प्रदर्शन उतरलं की संपलं. घरी मात्र एकच शॉट दहादा मागे नेता येतो. माझ्या धंद्यात शिकण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आता उणं. मोबाइलवर उघडू नका, वैताग येईल. ही रचना मोठ्या पडद्यासाठीच आहे. बरंच फुटेज कमी रेझोल्यूशनचं आहे, पूर्ण पडद्यावर चित्र फुटतं. मेनू इंग्रजीत आहेत, आणि कुठून सुरुवात करावी हे नवख्याला कुणी सांगत नाही. मराठी बोलणं इंग्रजी नोंदीत उतरतं तेव्हा माणसाचा लहेजा निसटतो. म्हणून मराठी जाणणाऱ्यांनी तिथे लिहायला हवं. सुरुवातीला शोधाच्या चौकटीत आपल्या ओळखीच्या भागाचं नाव टाका, नकाशावर बघा, आणि हेडफोन लावा, कारण या फुटेजमधले आवाज अनेकदा चित्रापेक्षा जास्त सांगतात.

त्यांचंच भावंड म्हणजे इंडियनसिने.मा. तिथे भारतीय सिनेमाला अशाच नोंदी जोडल्या आहेत. जुन्या मराठी बोलपटांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी तिकडे जावं.

वागळे इस्टेटमधले चालू कारखाने, त्यांतले कामगार, गेटवरच्या सभा असं जुनं चित्रण ठाण्यात कुणाच्या कपाटात मिनीडीव्ही किंवा व्हीएचएसवर असेल, तर टेप खराब होण्याआधी डिजिटाइज करा आणि पॅड.माला लिहा. लॉगिंग मी करून देईन.