उतारावरून सोडलेला ट्रक आणि आमचे अकरा लाख

२०२० च्या ऑगस्टमध्ये माझ्या चारपैकी तीन गाड्या चाकणच्या यार्डात उभ्या होत्या. कंपन्या अर्ध्या शिफ्टवर, भाडी तुटकी, डिझेल ऐंशीच्या घरात. बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत महिनाअखेर संपणार होती. अशा वेळी माणूस कुठलीही चांगली बातमी ऐकायला तयार असतो. हे सगळं आधी सांगतोय, कारण फसवणारा आपल्याकडे बरोबर अशाच दिवसांत येतो.

आमच्याच धंद्यातला, वीस वर्षांच्या ओळखीचा एक माणूस मला एका शेडवर घेऊन गेला. तिथे एक नवी कंपनी इलेक्ट्रिक ट्रक बनवत होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून पोलिसांकडे आहे. लॅपटॉपवर चित्रं दाखवली, आणि त्यातलं एक माझ्या डोक्यात जाऊन बसलं. निकोला नावाची अमेरिकन कंपनी, एकही ट्रक न विकता जून महिन्यात शेअर बाजारातल्या किमतीत फोर्डच्याही पुढे गेली. 'आपल्याकडे तेच होणार, फक्त आपण सुरुवातीलाच आत शिरतोय,' तो म्हणाला.

ती बातमी खरी होती. ४ जून २०२० ला निकोलाचा शेअर नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारात आला आणि आठवडाभरातच कंपनीची किंमत तीस अब्ज डॉलरच्या आसपास पोचली. म्हणजे सव्वादोन लाख कोटी रुपये. काही काळ ती फोर्डच्या वर होती, हेही खरं. त्या तिमाहीत कंपनीची कमाई होती ३६ हजार डॉलर, आणि तीही ट्रकची नव्हती. कंपनीचा संस्थापक ट्रेव्हर मिल्टन याच्यासाठी सोलर पॅनेल बसवून दिले होते, त्याचे ते पैसे. हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, याची खात्री देता येत नाही.

शेडमध्ये पांढरा ट्रक उभा होता. नवा रंग, दारावर नाव. त्यांच्या ड्रायव्हरने तो यार्डात दोनेकशे मीटर फिरवून आणला. आवाज नाही, धूर नाही. पंचवीस वर्षं डिझेल इंजिनच्या आवाजात काढलेल्या माणसाला ती शांतता काय वाटते, ते धंद्यातल्यांनाच कळेल. माझ्या अंगावर काटा आला होता.

मी सवयीने खाली वाकून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघितली. डाव्या बाजूला, मागच्या चाकांच्या अलीकडे, रंगाखाली पट्ट्यांचे दोन जुने वण होते आणि बोल्टची भोकं नुसती लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. मी बोट फिरवून बघितलं. तिथे पूर्वी डिझेलची टाकी होती. म्हणजे ही गाडी त्यांनी बनवलेली नव्हती, कुठल्या तरी जुन्या गाडीचं इंजिन काढून त्यात मोटर बसवलेली होती. मला त्या क्षणी समजलं होतं. आणि मी काहीही विचारलं नाही. नमुन्याची गाडी आहे, असंच करत असतील, असं मीच माझ्या मनाला सांगितलं. त्यांना खोटं बोलायची गरजसुद्धा पडली नाही.

रात्री दादाला फोन केला. दादा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, तीस वर्षं घाटातून गाडी चालवलेला माणूस. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, 'भरलेली गाडी घाट चढते का रे?' मी म्हणालो, 'चढते म्हणाले.' मी बघितलं नव्हतं, कुणी तसं म्हणालंही नव्हतं. दादाने माझ्या शब्दावर तीन लाख दिले.

१० ऑगस्टला माझे पाच आणि दादाचे तीन लाख गेले. शेअरसाठीच्या अर्जाचे पैसे, अशी पावती मिळाली. माझे आणखी तीन लाख ऑक्टोबरमध्ये द्यायचे होते.

मधल्या सप्टेंबरात काय घडलं बघा. ८ तारखेला जनरल मोटर्स निकोलात अकरा टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर झालं, किंमत दोन अब्ज डॉलर. शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास चढला. आमच्या त्या ओळखीच्या माणसाने लगेच बातमीचा फोटो पाठवला. आम्ही सगळे समजलो, जनरल मोटर्सने रोख दोन अब्ज घातले. तसं नव्हतं. जनरल मोटर्स रोख पैसे देणार नव्हती; इंजिनिअरिंग आणि उत्पादनाचं काम करून देणार आणि त्या बदल्यात शेअर घेणार, असा तो करार होता. मोठ्या कंपनीचं नाव जोडलेलं दिसलं की नुसतं नाव वाचू नका. पैसा कोण कुणाला देतोय, ते वाचा.

दोनच दिवसांनी, १० सप्टेंबरला, हिंडेनबर्ग रिसर्च या संस्थेचा अहवाल आला. ही संस्था शेअर पडण्यावर पैसे लावते, त्यात तिचा स्वतःचा फायदा होता, हे खरं. पण त्यात जे लिहिलं होतं त्यातलं मुख्य पुढे कोर्टात टिकलं.

निकोलाने २०१६ च्या डिसेंबरात सॉल्ट लेक सिटीत आपला पहिला ट्रक स्टेजवर दाखवला होता. हा ट्रक पूर्णपणे चालतो, असं मिल्टनने लोकांना सांगितलं. सरकारी आरोपपत्रानुसार त्या ट्रकमध्ये मोटर आणि गिअरसारखे मुख्य भागच नव्हते, आणि स्टेजवर ट्रकच्या दिव्यांना वीज बाहेरून पुरवलेली होती. मग २०१८ च्या जानेवारीत कंपनीने एक व्हिडिओ टाकला. मोकळ्या वाळवंटी रस्त्यावरून तोच ट्रक झोकात धावतोय. प्रत्यक्षात युटामधल्या एका लांब, हलक्या उताराच्या माथ्यावर तो ओढून नेला होता आणि ब्रेक सोडून खाली जाऊ दिला होता. दरवाजा निखळू नये म्हणून टेपने चिकटवला होता, असंही आरोपपत्रात आहे.

अहवालानंतर कंपनीने खुलासा केला. ट्रक स्वतःच्या ताकदीवर धावतोय असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, ट्रक 'गतीत' आहे एवढंच म्हटलं होतं. हा खुलासा मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. आमच्या धंद्यात गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही कामावरून काढतो.

२० सप्टेंबरला मिल्टन पायउतार झाला.

मी हे सगळं तेव्हा मोबाइलवर वाचलं होतं. म्हणून तर लिहायला जड जातंय. मी आमच्या त्या ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, 'भाऊ, ते अमेरिकेतलं. तो माणूस वाईट निघाला, टेक्नॉलॉजी वाईट नाही. आणि आपल्याकडे चार हजार गाड्यांच्या ऑर्डर आहेत.' त्याने पत्रांचा गठ्ठा व्हॉट्सॲपवर पाठवला. लेटरहेड, शिक्के, सह्या. १४ ऑक्टोबरला मी उरलेले तीन लाख भरले.

ती पत्रं मी नीट वाचली २०२२ मध्ये, पैसे अडकल्यावर. एकाही पत्रात आगाऊ रकमेचा उल्लेख नव्हता. चाचणी समाधानकारक झाल्यास, किंमत मान्य झाल्यास, गाडी घेण्याचा विचार करू, अशी भाषा होती. त्यातली दोन पत्रं मी ओळखीच्या ट्रान्सपोर्टरांना विचारून पडताळली. त्यांनी मैत्रीखातर सही केली होती, एक रुपया दिला नव्हता. निकोलाकडेही अब्जावधी डॉलरच्या ऑर्डर असल्याचं सांगितलं जायचं, आणि त्यातली बरीचशी कधीही रद्द करता येणारी नोंदणी होती. ओहायोतल्या लॉर्डस्टाउन मोटर्सने आपल्या इलेक्ट्रिक पिकअपसाठी एक लाख ऑर्डर असल्याचं सांगितलं. त्या बंधनकारक नव्हत्या, संस्थापकाला २०२१ मध्ये जावं लागलं आणि २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ट्रकच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीकडे असा गठ्ठा असतो. त्यातल्या एकाला स्वतः फोन करा. आगाऊ किती दिले, एवढंच विचारा.

कायद्यातली एक गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर निदान तीन लाख वाचले असते. खासगी कंपनीने असे शेअरचे पैसे घेतले की साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत, तेही नाही झालं तर वर्षाला बारा टक्के व्याज. कंपनी कायद्याचं कलम ४२. माझ्या पहिल्या पैशांचे साठ दिवस ९ ऑक्टोबरला संपले होते. १४ तारखेला मी पैसे परत मागायला हवे होते, आणि मी आणखी भरून आलो. शिवाय असे शेअर विकताना कंपनीने प्रत्येकाला त्याच्या नावाचं, नंबर घातलेलं ऑफरपत्र द्यायचं असतं, त्याला पीएएस-४ म्हणतात. आम्हाला नुसती पावती मिळाली होती.

दुसरी गोष्ट तर माझ्या घरापासून तासाभरावर होती. रस्त्यावर चालवण्यासाठी विकायची कुठलीही गाडी आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, त्याशिवाय आरटीओ ती नोंदवतच नाही. त्यातली एक संस्था, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. 'एआरएआयचं टेस्टिंग सुरू आहे,' हे वाक्य आम्ही दोन वर्षं ऐकलं. प्रमाणपत्राची प्रत मी एकदाही मागितली नाही. कुठल्या कंपनीच्या किती गाड्यांची नोंदणी झाली, हे सरकारच्या वाहन डॅशबोर्डवर कुणालाही फुकट बघता येतं. कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर १०० रुपये भरून उघडता येतात. आम्ही अकरा लाख दिले आणि ते १०० रुपये भरले २०२२ मध्ये. ताळेबंदात मशिनरीच्या नावावर जेमतेम काही लाख होते. चारपैकी दोन संचालक तोवर राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

निकोलाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण बरेच जण मला म्हणतात की कोर्टात गेलास तर पैसे मिळतील. २०२० च्या नोव्हेंबरअखेर जनरल मोटर्सने हिस्सा घ्यायचं रद्द केलं. २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या बाजार नियामकाशी साडेबारा कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली. मिल्टनवर न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. साध्या, घरी बसून शेअर घेणाऱ्या लोकांना त्याने मुलाखती आणि ट्विटमधून खोटी माहिती दिली, हा मुख्य आरोप होता. २०२२ च्या ऑक्टोबरात ज्यूरीने चारपैकी तीन आरोपांत त्याला दोषी धरलं, २०२३ च्या डिसेंबरात चार वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो बाहेरच होता. सरकारी वकिलांनी भागधारकांसाठी ६८ कोटी डॉलरची भरपाई मागितली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. शिक्षा संपली, भरपाईची मागणीही संपली. कंपनीने त्याआधीच, फेब्रुवारीत, दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

कंपनीने मधल्या काळात ॲरिझोनातल्या कूलिज इथे खरोखरचे ट्रक बनवलेही. आधी बॅटरीचे, मग हायड्रोजनचे. बॅटरीच्या २०९ गाड्या आगीच्या धोक्यामुळे २०२३ मध्ये परत बोलवाव्या लागल्या. त्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसांबद्दल मला वाईट वाटतं. ती खरं काम करत होती, आणि त्यांच्या अंगावर आधीच्या खोट्याचं ओझं होतं. इलेक्ट्रिक ट्रकवर माझा राग नाही. आज चाकणमध्ये खऱ्या इलेक्ट्रिक गाड्या माल वाहताना मी रोज बघतो. मी पुढे एखादी घेईनही.

आमची शेड २०२२ च्या पावसाळ्यात रिकामी झाली. तिथे आता पुठ्ठ्याचं गोदाम आहे. आर्थिक गुन्हे शाखेत आम्ही सोळा जणांनी मिळून अर्ज दिला आहे, जबाब झाले आहेत, तारखा पडताहेत. दादाने मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या तीन लाखांत व्हायचं होतं, ते पुढे गेलं. गेल्या वर्षी मी एक गाडी विकून ते करून घेतलं.

तुम्हाला कुणी अशी गाडी दाखवायला नेलं तर स्वतः चालवायला मागा. भरलेली मागा, आणि चढावर. कारण काहीही सांगून नकार दिला तर तिथूनच परत या. चेसिस नंबर लिहून घ्या आणि ती मुळात कुणाच्या नावावर, कुठल्या कंपनीची गाडी आहे ते आरटीओच्या नोंदीत बघा. ओळखीचा माणूस मध्ये असेल तर त्याने स्वतःचे किती घातले ते विचारा आणि पावती बघा. आमच्या त्या माणसाने काहीच घातले नव्हते. आमच्या प्रत्येक लाखामागे त्याला कमिशन होतं. हे पोलिसांसमोर त्यानेच सांगितलं.

परवा आमच्या गावाकडच्या एका पोराचा फोन आला. नव्या कंपनीची इलेक्ट्रिक टेम्पोची डीलरशिप, चार लाख डिपॉझिट, पहिल्या पन्नास जणांनाच. काका, घेऊ का, म्हणाला. मी त्याला नाही म्हणालो नाही. दाखवायच्या गाडीचा चेसिस नंबर आणि तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घे, एवढंच सांगितलं. दोन आठवडे झाले, त्याला दोन्ही मिळालेलं नाही. चार लाख अजून त्याच्याच खात्यात आहेत.