दुर्मिळ डोकेदुखीच्या कसोटीवर ‘बीसीबीआर’

‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ (बीसीबीआर) हा संशोधनपद्धतीचा कोर्स एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे, म्हणून बरेच जण तो सर्टिफिकेटपुरता उरकतात. यात नुकसान त्यांचंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीने तयार केलेला हा कोर्स एनपीटीईएल-स्वयं या ऑनलाइन व्यासपीठावर मिळतो. एकूण 23 व्याख्यानं आहेत, संशोधनाच्या प्रश्नापासून प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) आणि प्रकाशनाच्या नीतीपर्यंत. शिकणं मोफत, पैसे फक्त परीक्षेचे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून, शिकवायला एपिडेमिऑलॉजिस्ट (रोगांच्या प्रसाराचा अभ्यासक) नसताना, इतकं नीट मांडलेलं दुसरं काही सहज हाती लागत नाही.

कोर्स कुठे कामाला येतो आणि कुठे हात टेकतो, हे बघायला एक अवघड विषय घेऊ: हिप्निक हेडएक. बहुधा पन्नाशीनंतर सुरू होणारी आणि झोपेतून उठवणारी ही डोकेदुखी 1988 साली नील रास्किन यांनी सहा रुग्णांवरून प्रथम नोंदवली. झोपताना कडक कॉफी, लिथियम किंवा इंडोमेथॅसिन हे तिचे मुख्य उपचार. आधार मात्र जवळजवळ सगळा केस सिरीजचा, म्हणजे तुलनेचा गट नसलेल्या मोजक्या रुग्णांच्या नोंदींचा.

कोर्सचा सगळ्यात भक्कम भाग म्हणजे मोजमाप आणि माहिती गोळा करण्याच्या फॉर्मवरची व्याख्यानं. ‘रात्री डोकं दुखतं का? हो/नाही’ असा प्रश्न टाकला की अभ्यास तिथेच फसला. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात व्याख्या नेमकी आहे: दुखणं फक्त झोपेतच सुरू होऊन जाग यावी, महिन्यात किमान 10 दिवस आणि तीन महिन्यांहून जास्त काळ व्हावं, जाग आल्यावर 15 मिनिटं ते 4 तास टिकावं. डोळ्यातून पाणी, नाक वाहणं, अस्वस्थ येरझाऱ्या असतील तर क्लस्टर या वेगळ्या डोकेदुखीचा विचार करायचा. म्हणून रुग्णाच्या डायरीत जाग आल्याची वेळ, किती मिनिटं दुखलं, त्या वेळचं बीपी, घोरणं आणि महिन्यात वेदनाशामक घेतल्याचे दिवस, असे रकाने हवेत. रात्रीचं वाढलेलं बीपी, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) आणि गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी वेगळी काढल्याशिवाय केस मोजायची नाही. मेंदूतलं दुसरं कारण वगळायला एमआरआयही लागतो.

इतर औषधांचा रकाना तर सोडूच नका. या वयात बीपीसाठी थायाझाइड, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन चालू असतं आणि या सगळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. इंडोमेथॅसिननेही वाढतं, त्यामुळे एका उपचारावरून दुसऱ्यावर जाताना दोन्ही एकमेकांवर चढू देऊ नयेत. लिथियमआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी), नंतर शेवटच्या डोसपासून 12 तासांनी रक्तातल्या लिथियमची लेव्हल. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी लिथियम वाढतं, म्हणून तेव्हा काय करायचं, हे संमतीपत्रातच साध्या मराठीत लिहावं.

नमुना-संख्येचं, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे याचं, व्याख्यान नेहमीच्या आजारांना चोख लागू पडतं. इथे मात्र तेच सूत्र लावून बघा. डोकेदुखीच्या ओपीडीत हजारात एक रुग्ण धरला (पी = 0.001) आणि 20 टक्के सापेक्ष चूक चालवून घेतली, तर 4पीक्यू/डी² प्रमाणे (क्यू म्हणजे 1 वजा पी, डी म्हणजे चालवून घेतलेली चूक, इथे 0.0002) सुमारे 99,900 रुग्ण तपासावे लागतात. एका कॉलेजच्या थिसिसला ते शक्यच नाही. आणि केस सिरीजमध्ये सहापैकी सहा जणांना गुण आला, तरी 95 टक्के विश्वास-अंतराची (खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता धरतात त्याची) खालची कड 54 टक्क्यांच्या आसपासच राहते. हे गणित करता येणं हीच या कोर्सची खरी कमाई.

उणीव इथे आहे: दुर्मिळ आजारांसाठी वेगळं व्याख्यान नाही. अशा वेळी अनेक केंद्रांची सामाईक नोंदवही किंवा एकेका रुग्णावरची ‘एन-ऑफ-वन’ चाचणी जास्त योग्य. दोन आठवडे कॅफीनची कॅप्सूल, दोन आठवडे दिसायला तशीच प्लासिबो (औषध नसलेली कॅप्सूल), अशा तीन जोड्या, प्रत्येक जोडीतला क्रम चिठ्ठी टाकून. महिन्यात दहा दिवस दुखतं म्हटल्यावर प्रत्येक टप्प्यात निदान चार-पाच झटके अपेक्षित असतात. एकाच जोडीवर थांबू नये, कारण हा आजार मधेच आपोआप शांतही होतो आणि श्रेय औषधाला जातं. संध्याकाळचा चहा सगळ्या टप्प्यांत सारखा ठेवायचा, नाहीतर प्लासिबोच्या दिवसांतही कॅफीन पोटात जातच राहतं. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी.

परीक्षेपुरतं पाठ करणाऱ्याला वस्तुनिष्ठ प्रश्न सोपे जातात, प्रोटोकॉल लिहायला मात्र त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे स्वतःचा विषय समोर ठेवूनच प्रत्येक असाइनमेंट सोडवावी. संशोधनाचा प्रश्न, नमुना-संख्या आणि फॉर्म ही व्याख्यानं विद्यापीठाला सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) देण्याआधीच बघा. नंतर आकडा बदलला की दुरुस्ती घेऊन पुन्हा एथिक्स कमिटीसमोर जावं लागतं.