रांगेची पिशवी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्या खणाच्या कापडाची एक चेनची पिशवी शिवली. तळहाताएवढी, पँटच्या खिशात मावेल अशी. राइडच्या रांगेत मुलांना रमवायच्या वस्तू तिच्यात, म्हणून घरात तिचं नाव पडलं 'रांगेची पिशवी'. तेव्हापासून ती चार मनोरंजन पार्कांत फिरली, एका देवस्थानच्या दर्शनबारीत उभी राहिली आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायच्या गर्दीतही जाऊन आली. सुरुवातीला मी तिच्यात बारा-तेरा वस्तू कोंबल्या होत्या, आता चार आहेत. माझा थोरला नऊ वर्षांचा आहे आणि धाकटी सव्वापाच, तेव्हा पुढचं सगळं त्या वयांच्या हिशोबाने वाचा.

पिशवी शिवायचं कारण सांगते. त्याआधीच्या एका सहलीत आम्ही दिवसभरात पाच राइड केल्या आणि पाचही रांगांत धाकटी रडली. राइडवर बसली की खूश, उतरली की पुन्हा रांग, पुन्हा रडणं. परतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणाली, "आई, आपण आज उभं राहायला गेलो होतो ना?" मला फार लागलं ते. तिकिटांचे पैसे, सुट्टी, पहाटे उठून केलेली तयारी, आणि पोराच्या लक्षात काय राहिलं, तर उभं राहणं.

आता पिशवीतल्या वस्तू. पहिला नंबर दोऱ्याचा. क्रोशाचा जाड सुती दोरा, मी दोन्ही हात पसरल्यावर होतो तेवढा, टोकं गाठ मारून जोडलेली. दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून आकार करायचे, मग समोरच्याने चिमटीत धरून ते आपल्या हातांवर घ्यायचे. सासूबाईंनी मुलांना आधी खाट शिकवली, मग खाटेची जाळी, जाळीची होडी. लोकर वापरून पाहिली, ती ताणली जाते आणि घामाने तिचे गोळे होतात. नायलॉन निसटतो आणि बोटाला काचतो. सुतीच घ्या. या खेळाला खाली ठेवायला जागा लागत नाही. रांग सरकली की हातावरची जाळी तशीच घेऊन चार पावलं चालता येतं, खेळ मोडत नाही. डिसेंबरात आम्ही बंगळूरजवळच्या बिडदीला वंडरला पार्कात गेलो होतो, तिथे पुढे उभ्या असलेल्या कुटुंबातल्या मुलीने न विचारता धाकटीच्या हातावरची होडी उचलून घेतली आणि तिचा असा काही आकार केला, जो आमच्या आजीलाही माहीत नव्हता. ती कन्नड बोलत होती, आमची मराठी. राइडचा दरवाजा येईपर्यंत दोघींना भाषेची गरज पडली नाही. एक मात्र कडक नियम: दोरा गळ्यात घालायचा नाही आणि राइडवर चढायच्या आधी तो पिशवीत, पिशवी खिशात, खिशाची चेन बंद. सुटी वस्तू राइडवर कधीच नेऊ नये.

दुसरी वस्तूही दोराच, पण साधा, पांढरा, वीतभर. हा गाठींचा. पार्कातली रांग रेलिंगमधून नागमोडी जाते. "अजून चाळीस मिनिटं" हे धाकटीला कळत नाही, पण "अजून सहा वळणं" हे कळतं. रांगेत शिरताना आम्ही बोटाने दाखवत वळणं मोजतो आणि प्रत्येक वळणाला ती एक गाठ मारते. डेव्हिड माइस्टर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ साली थांबण्याबद्दल जी निरीक्षणं मांडली, त्यातली दोन मला इथे अनुभवाने पटली: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, आणि किती थांबायचं ते ठाऊक नसलं की थांबणं लांबतं. गाठ या दोन्हींवर चालते. हाताला काम मिळतं आणि शेवट दिसत राहतो. या आठ महिन्यांतला माझा सगळ्यांत उपयोगी शोध कोणता विचाराल, तर हाच. फुकटचा आहे.

तिसरी वस्तू म्हणजे बोटभर पेन्सिल आणि खिशातली वही. फुली-गोळा, नाव-गाव-फळ-फूल, आणि थोरल्याचा आवडता उद्योग, राइड किती मिनिटांनी सुटते आणि एका वेळी किती जण जातात ते लिहून आपला नंबर कितव्या फेरीत येणार हे काढणं. पहिल्यांदा त्याचं उत्तर तीन फेऱ्यांनी चुकलं, आता बहुतेक वेळा एका फेरीच्या आत असतं. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलरकोस्टरच्या रांगेत त्याने आपल्या बाबाला आणि मागच्या दोन कॉलेजच्या मुलांना हे समजावून सांगितलं. ती मुलंही मग मोजायला लागली. चौथी वस्तू ओला रुमाल, डबीत घालून. खोपोलीचा उकाडा ज्यांनी सोसलाय त्यांना कारण सांगायला नको.

पण खरा खेळ पिशवीत नाहीच, तोंडात आहे. गावांच्या भेंड्या! मी लहानपणी त्या गोराईच्या होडीत शिकले. तिथलं एस्सेलवर्ल्ड हे पार्क १९८९ साली सुरू झालं, आणि आम्हाला तिथे नेताना बाबा जेट्टीपासूनच भेंड्या सुरू करायचे. ज्यांनी मुलांबरोबर कधी खेळल्या नाहीत त्यांना त्यातली अडचण सांगते. आपली अर्धी गावं 'र'वर संपतात: सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, पंढरपूर, तुळजापूर. 'र'वरून रत्नागिरी आणि राहुरी झालं की मुलं अडकतात. थोरल्याने नकाशा घेऊन बसून यावर तोडगा काढला. तो 'र'ला 'र'नेच उत्तर देतो: राजापूर, रावेर, रहिमतपूर, राजगुरुनगर. ही चार गावं त्याने हुकमी पानांसारखी राखून ठेवलेली असतात. 'ण' आला तर 'न' घ्यायचा आणि 'ळ' आला तर 'ल', हा नियम आधी ठरवा, नाहीतर पैठण, कल्याण, चिपळूण, फलटण यांवर दर वेळी भांडण. धाकटीला गावं येत नाहीत, तिच्यासाठी आजीची कोडी. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' हे तिने एकदा पुढच्या काकूंना घातलं आणि उत्तर येईना म्हणून स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. 'चिमणी उड, कावळा उड' तर उभ्याउभ्या, एका बोटावर चालतं.

काढून टाकलेल्या वस्तू आता भराभर सांगते. पत्ते: वारा, धक्का, आणि रांग सरकली की डाव जमिनीवर. साबणाच्या फुग्यांची बाटली: मागच्या बाळाच्या डोळ्यात फेस गेला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्याच दिवशी बंद. स्टिकर: रेलिंगवर चिकटवायचा मोह होतो आणि सफाईवाल्या मावशींचं काम वाढतं. लहान गाड्या: घरंगळतात. खाऊ: बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि रांगेत खाल्लं की तहान, तहानेमागून शू. रांगेत शिरायच्या आधी दोघांना शौचालयात नेऊन आणणं हे कुठल्याही खेळापेक्षा महत्त्वाचं आहे. अर्धी रांग कापून झाल्यावर बाहेर पडावं लागलं तर मुलालाही फार अपराधी वाटतं, आणि त्याची काहीच चूक नसते.

फोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रांगेत नको. मी दोन पार्कांत देऊन पाहिला. पोरगं शांत बसतं हे खरं, पण मान खाली असते, रांग सरकलेली कळत नाही, मागचे लोक वैतागतात. आणि नेमका दरवाजा आला की फोन काढून घ्यावा लागतो, म्हणजे राइडची सुरुवातच रडण्याने. शिवाय दुपारपर्यंत बॅटरी संपते आणि संध्याकाळी गाडी मागवायला तोच फोन लागतो. वॉटर पार्कात तर तो लॉकरमध्येच असतो. मुलाला आवाज, गर्दी सहन होत नसेल आणि स्क्रीनने त्याला खरंच आधार मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोणी कोणाला शिकवू नये.

आता ज्या प्रसंगाने मी सगळ्यांत जास्त शिकले तो. एका पार्कात आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो. धाकटीने सात गाठी मारल्या होत्या. दरवाज्यावर उंचीची पट्टी लावली आणि ती दोन बोटं कमी भरली. रांगेच्या तोंडाशी पाटी होती, पण गर्दीत ती दिसली नाही आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाने काही सांगितलं नाही. ती रडली नाही. गाठींच्या दोऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी सगळी वळणं केली होती." पट्टी लावणाऱ्या मुलाशी मी वाद घातला नाही, उंचीचा नियम तिच्याच जिवासाठी आहे. पण पार्कवाल्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: मोजपट्टी रांगेच्या शेवटाला नको, सुरुवातीला हवी, आणि तिथे माणूस हवा. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या दिवशी भिंतीला लावून दोघांची उंची मोजते, ज्या राइडवर बसणार त्यांचे आकडे पार्कच्या वेबसाइटवरून वहीत उतरवते, आणि जिथे धाकटीला बसता येणार नाही तिथे तिला आधीच सांगते. आधी कळलेलं 'नाही' तिला झेपतं.

वेगळ्या रांगेचं महागडं तिकीट घ्यावं का, असंही मला विचारतात. वंडरलात ते फास्टट्रॅक, इमॅजिकात एक्सप्रेस. आम्ही एकदा घेतलं. दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत, एकच दिवस हातात असेल आणि मोठ्या राइडच करायच्या असतील तर उपयोग होतो. साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी पार्क उघडतानाच पोचलात तर चौघांसाठी तेवढे पैसे घालायची गरज मला वाटली नाही. पण एकाने रांगेत जागा धरायची आणि ऐन वेळी बाकी सहा जणांनी घुसायचं, हे करू नका. तुमची मुलं बघत असतात, मागची मुलंही.

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये डंबो या उडत्या हत्तीच्या राइडसाठी २०१२ मध्ये वेगळी सोय केली होती. आईवडिलांच्या हाती एक पेजर द्यायचे, मुलं तंबूत खेळत राहायची आणि पाळी आली की पेजर वाजायचा. आपल्याकडे निदान पाच वर्षांखालच्या मुलांच्या राइडपुरतं तरी असं कोणी करावं. तंबू नसला तरी चालेल, सावलीत एक घसरगुंडी आणि टोकनचा आकडा दाखवणारी पाटी एवढं पुरे. मोठा खर्च नाही.

तक्रार एकच उरते, आणि ती पिशवीबद्दल नाही. यातलं काहीही मुलांच्या हातात देऊन आपण बाजूला होऊ म्हटलं तर चालत नाही. दोऱ्याचा दुसरा हात आपला लागतो, भेंडीचं पुढचं गाव आपण द्यायचं असतं. संध्याकाळपर्यंत घसा बसतो, पाय दुखतात ते वेगळेच. आजी बरोबर असली की दीड तास हक्काने मोकळा मिळतो, म्हणून आता तिचंही तिकीट काढतो. ज्येष्ठांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, खिडकीवर विचारून घ्या.

पावसाळा संपला की पुन्हा खोपोलीला जायचं ठरतंय. धाकटीची उंची परवाच भिंतीवर मोजली, मागच्या खुणेच्या वर तीन बोटं. गाठींचा दोरा नवीन आणलाय, कारण जुन्यात आता जागा नाही आणि त्यातली एकही गाठ ती सोडू देत नाही.