ईएनसी२८जे६०: फ्रेम उघडून दाखवणारा इथरनेट कंट्रोलर

मायक्रोचिप कंपनीच्या ईएनसी२८जे६० या इथरनेट कंट्रोलरचे परीक्षण आता करणे काहींना उशिराचे वाटेल, कारण ही चिप सेकंदाला १० मेगाबिटच्या पुढे जात नाही आणि तिच्यापेक्षा वेगवान पर्याय सहज उपलब्ध आहेत. तरीही लहान मायक्रोकंट्रोलरला (एका चिपवरच्या छोट्या संगणकाला) केबलने नेटवर्कशी जोडताना इथरनेटची फ्रेम, म्हणजे केबलवरून एका वेळी जाणारा माहितीचा गठ्ठा, प्रत्यक्षात कशी हाताळली जाते हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते तिच्याइतके स्वच्छ साधन क्वचितच मिळते. चिप २८ पिनांची आहे, ३.३ व्होल्टवर चालते, मायक्रोकंट्रोलरशी एसपीआय या चिपांमधील क्रमिक जोडणीने बोलते आणि तिच्या पोटात ८ किलोबाइटचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, आहे, जो प्रेषण आणि ग्रहण यांत कसा वाटायचा हे आपणच ठरवायचे असते.

या चिपची खरी परीक्षा कामाच्या वाटणीत होते. तारेवर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या आधी ७ बाइटांचा प्रिअँबल (ग्राहकाला ताल जुळवू देणारा ठरावीक नमुना) आणि १ बाइटाची प्रारंभखूण असते. ही दोन्ही लावणे आणि काढणे हे सर्वस्वी चिपचे काम आहे. त्यापुढे ६ बाइटांचा गंतव्य पत्ता, ६ बाइटांचा स्रोत पत्ता, २ बाइटांचे प्रकारदर्शक क्षेत्र आणि ४६ ते १५०० बाइटांचा मजकूर हा भाग आपल्या प्रोग्रॅमने लिहायचा असतो, आणि शेवटी ४ बाइटांची सीआरसी, म्हणजे चूक ओळखणारी तपासणी-संख्या, सांगितल्यास चिप स्वतः जोडते. स्रोत पत्ता मात्र ती भरत नाही. चिपला कारखान्यातून स्वतःचा मॅक पत्ताच (नेटवर्कवरील उपकरणाची ६ बाइटांची ओळख) मिळालेला नसल्याने तो आपण ठरवून चिपच्या रजिस्टरमध्येही (सेटिंग ठेवणाऱ्या कप्प्यातही) लिहायचा आणि पाठवायच्या प्रत्येक फ्रेममध्येही. प्रयोगापुरता हेक्स ०२ ने सुरू होणारा, म्हणजे पत्ता उत्पादकाने नव्हे तर आपणच ठरवला आहे असे सांगणारा बिट लावलेला पत्ता योग्य ठरतो.

किमान लांबीच्या नियमाची सोयही चांगली आहे. एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची, विचारणा शीर्षकासह ४२ बाइटांची असते, पण सीआरसी धरून ६४ बाइटांपेक्षा लहान फ्रेम इथरनेटला चालत नाही. उरलेले १८ बाइट शून्यांनी भरण्याचे काम चिपवर सोपवता येते. ग्रहणाच्या बाजूला हीच गोष्ट नवशिक्यांना चकवते. चिपने कळवलेल्या लांबीत भरणाही येतो आणि सीआरसीचे ४ बाइटही येतात, त्यामुळे आयपीच्या मजकुराची खरी लांबी फ्रेमवरून न काढता आयपी शीर्षकातील एकूण लांबीच्या क्षेत्रावरूनच काढावी लागते.

माझ्या दृष्टीने या चिपचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आलेली फ्रेम पूर्ण उचलण्याची सक्ती ती करत नाही. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरकडे एकूण २ किलोबाइट रॅम असते आणि कमाल लांबीची फ्रेम सीआरसीसह १५१८ बाइटांची होते, म्हणजे एक फ्रेम आत घेतली की बाकीच्या प्रोग्रॅमला जेमतेम ५३० बाइट उरतात. येथे मात्र फ्रेम चिपच्या बफरमध्येच राहते. प्रत्येक फ्रेमच्या आधी चिपने ६ बाइटांची नोंद लिहिलेली असते, ज्यातील पहिले २ बाइट पुढच्या फ्रेमचे बफरमधील ठिकाण सांगतात आणि उरलेले ४ लांबी व स्थिती सांगतात. ही नोंद आणि १४ बाइटांचे शीर्षक वाचावे, प्रकार हेक्स ०८०० म्हणजे आयपीव्ही४ किंवा हेक्स ०८०६ म्हणजे एआरपी नसेल तर वाचनाचा निर्देशक पुढे सरकवून फ्रेम सोडून द्यावी, इतके सरळ काम आहे. शिवाय फ्रेममधील ६४ बाइटांच्या खिडकीतून निवडक बाइटांची बेरीज ताडून पाहणारा फिल्टर आहे. तो नीट बसवला तर सर्व उपकरणांसाठी पाठवलेल्या प्रसारण फ्रेमपैकी केवळ एआरपी आत येते आणि प्रोसेसरला उगाच जागे व्हावे लागत नाही.

वेगाबद्दल बोलताना १० मेगाबिट या आकड्यावर थांबू नये. कमाल फ्रेम तारेवरून प्रिअँबल आणि दोन फ्रेममधील सक्तीचे अंतर धरून सुमारे १.२३ मिलिसेकंदांत जाते, पण ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवरून तेच १५१८ बाइट हलवायला १.५ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे अडथळा तारेत नसून एसपीआयमध्ये आहे. चिप २० मेगाहर्ट्झपर्यंतचे घड्याळ स्वीकारते, तेव्हा मायक्रोकंट्रोलर तेवढे देऊ शकत असेल तर ते जरूर द्यावे.

दोषांची यादी उत्पादकाने स्वतःच प्रसिद्ध केली आहे आणि ती वाचल्याशिवाय ड्रायव्हर लिहायला बसू नये. ग्रहण बफर चिपच्या मेमरीतील शून्य पत्त्यापासूनच सुरू करावा लागतो, वाचन झाल्याचे सांगणाऱ्या निर्देशकात विषम संख्याच लिहावी लागते, फ्रेम आल्याचा ध्वजबिट भरवशाचा नसल्याने फ्रेमसंख्येचे रजिस्टर तपासावे लागते, आणि प्रेषण अडकले तर प्रेषणाचा विभाग रीसेट करावा लागतो. यांपैकी विषम संख्येची अट मला सर्वांत खटकते, कारण ती पाळली नाही तर बिघाड लगेच न दिसता बफर बिघडल्यावरच लक्षात येतो.

डुप्लेक्सची स्वयंचलित वाटाघाट चिपला येत नाही. स्विचला ती हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणारे) उपकरण म्हणूनच दिसते, आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी) हवे असेल तर ते दोन्ही टोकांना हाताने ठरवावे लागते. एकाच टोकाला ठरवल्यास फ्रेम गळू लागतात. विजेचेही भान हवे. प्रेषणाच्या वेळी चिप १८० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकते, तर अर्दुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा ५० मिलीअँपिअर आहे. स्वतंत्र रेग्युलेटर द्यावाच.

विझनेटची डब्ल्यू५५०० ही चिप १०० मेगाबिटला चालते, ३२ किलोबाइट बफर देते आणि टीसीपी, यूडीपी हे माहिती पोहोचवण्याचे नियमसंच हार्डवेअरमध्येच सांभाळून ८ सॉकेट (एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्यांची टोके) हाती ठेवते. तयार उपकरण लवकर उभे करायचे असेल तर मी तीच सुचवीन. तापमान किंवा दाबाचे मोजमाप अधूनमधून यूडीपीने पाठवणारे यंत्र असेल, किंवा एआरपी आणि पिंगचे (उपकरण प्रतिसाद देते का हे पाहणाऱ्या संदेशाचे) उत्तर स्वतः बाइट-बाइट जुळवून पाहायचे असेल, तर ईएनसी२८जे६० घ्यावी. सलग ध्वनी किंवा चित्रे पाठवण्यासाठी ती घेऊ नये.