मर्लिन बर्ड आयडी: पक्ष्यांचं ॲप, पण चित्र काढणाऱ्यांनी नक्की वापरून बघा

सुरुवातीलाच सांगते, मी पक्षीनिरीक्षक नाही. मी कापडावरच्या प्रिंटसाठी पॅटर्न काढते आणि हा रिव्ह्यू त्याच नजरेतून आहे. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं हे ॲप फुकट आहे आणि त्यात २०२१ साली आलेलं, आवाजावरून पक्षी ओळखणारं साउंड आयडी हे फीचर माझ्यासाठी सगळ्यात कामाचं टूल ठरलंय, अगदी स्केचिंगची ॲप्स धरूनसुद्धा.

काम अडलं की आपण सगळे दुसऱ्यांची चित्रं बघत बसतो. स्क्रोल, सेव्ह, परत स्क्रोल. पण दुसऱ्याचं तयार डिझाईन एकदा डोळ्यात बसलं की हात आपोआप तिकडेच वळतो, रंगसुद्धा तेच येतात, मग कितीही खोडा. आवाजाचं तसं होत नाही, त्याला आकारच नसतो, तो आपल्यालाच द्यावा लागतो.

साउंड आयडी चालू केलं की स्क्रीनवर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, सरकत जातो. आडवा वेळ आणि उभी पट्टी, म्हणजे बारीक आवाज वर, जाड आवाज खाली, आणि आवाज जितका मोठा तितकी खूण गडद. ओळखलेल्या पक्ष्याचं नाव खाली येतं, तो परत बोलला की ते नाव पिवळं होतं. भारी गोष्ट म्हणजे ॲप स्वतःही असंच ओळखतं, आधी आवाजाचं चित्र करतं आणि मग ते चित्र बघून पक्षी सांगतं.

तांबट घ्या. त्याचं टुक टुक टुक म्हणजे एकाच उंचीवर सारख्या अंतराने पडलेले ठिपके, शिलाईच्या टाक्यांसारखे. कोकीळ सुरू झाला की रेघ वर चढते आणि पुढची हाक अजून वरून निघते. सातभाईंच्या कलकलाटात तर रेघच नाही, नुसता रुंद खरखरीत पट्टा. तळाला गाड्यांचा काळपट डाग असतोच. म्हणजे ठिपका, रेघ, टेक्स्चर, ग्राउंड म्हणजे मागची जमीन, सगळं एकाच फ्रेममध्ये! मी तांबटाचे ठिपके घेतले नाहीत, त्यांच्यातलं अंतर घेतलं आणि तो मध्येच थांबून परत सुरू करतो ती मोकळी जागा बॉर्डरमध्ये तशीच ठेवली. चित्रं बघून मला ती बॉर्डर सुचली नसती, खरंच नसती.

एक मात्र कळकळीने सांगते, आधी फोन पालथा ठेवा. स्पेक्ट्रोग्राम शेवटी चित्रच आहे, बघून उतरवलं तर परत कॉपीच झाली ना. रेकॉर्डिंग लावा, डोळे मिटून ऐका, ऐकता ऐकता कागदावर हात फिरू द्या आणि नंतर सेव्ह झालेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. तुमची रेघ आणि स्क्रीनवरची रेघ जिथे जुळत नाही ना, तिथेच खरं मटेरियल असतं, कारण तेवढं तुमच्या कानाने केलेलं असतं.

कानाने चित्र सुचणं नवीन नाही. १९११ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि चित्रकार कांडिन्स्कीने त्यावर लगेच चित्र करायला घेतलं. न्यूयॉर्कला गेल्यावर चित्रकार मोंद्रियानच्या काळ्या रेघांच्या जागी छोटे रंगीत तुकडे आले, त्यात तिथल्या बूगी-वूगी या ठेकेदार पियानो संगीताचा मोठा वाटा होता.

वापरायचं असेल तर आपल्या भागाचा बर्ड पॅक, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच, आधी डाउनलोड करा, मग नेट लागत नाही, फक्त फोनमध्ये तेवढी जागा हवी. नाव अंदाज म्हणूनच घ्या, नक्कल करणारे पक्षी असतात, आणि आपलं काम नावाशी तसंही कमीच. वारा असेल तर ऐकूच नका, सगळी स्क्रीन त्यानेच भरते. रेकॉर्डिंग बाहेर काढता येतं हे मला सगळ्यात आवडलं, मी ते लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते, तेही फुकट आहे आणि तिथे एकेक खूण ताणून हवी तेवढी मोठी करता येते.

डिझायनर म्हणून पाचपैकी पाच. पहिल्यांदा लावताना पहाटे लावा, गाड्या कमी असतात आणि वरच्या पट्टीतल्या बारीक खुणा सुट्या दिसतात.