दोन पिढ्यांतील व्यवहार : फोनवर बोलावे की लिहून कळवावे?

व्यवसायात वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असलेल्या दोन माणसांत गैरसमज होतो, तेव्हा त्याचे मूळ अनेकदा मजकुरात नसून माध्यमात असते. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश १९९२ साली पाठवला गेला; त्याआधीच ज्यांची कामाची घडी बसली होती, त्यांच्यापैकी अनेकांना फोन करणे म्हणजे समोरच्याला मान देणे वाटते, तर संदेशांवर वाढलेल्या पिढीतील पुष्कळांना न विचारता आलेला फोन हा कामातला व्यत्यय वाटतो.

फोनची जमेची बाजू म्हणजे सूर. दर वाढवायचे असोत, मुदत हुकणार असो किंवा दिलगिरी व्यक्त करायची असो, आवाजातील अवघडलेपणही प्रामाणिकपणाची साक्ष देते आणि शंका तिथल्या तिथे फिटते. मात्र महिन्याभराने "मी असे म्हणालोच नव्हतो" हा वाद उभा राहिला, तर हाताशी काहीच नसते.

लेखी संदेश तिथे भक्कम ठरतो, कारण रक्कम, तारीख आणि जबाबदारी यांची नोंद राहते. पण त्यातून सूर कळत नाही. ज्येष्ठाने नेटकेपणाने पूर्णविराम देऊन लिहिलेल्या "ठीक आहे." या उत्तरात तरुण सहकारी नाराजी वाचतो, तर तरुणाने पाठवलेला नुसता अंगठा ज्येष्ठाला उडवून लावल्यासारखा वाटतो.

माझ्या मते नाजूक विषयासाठी फोनच करावा, मात्र "आज चारनंतर बोलता येईल का?" असे आधी विचारून, आणि बोलणे संपताच ठरलेले मुद्दे चार ओळींत लिहून पाठवावेत. नुसती माहिती कळवायची असेल, तर संदेश पुरेसा आहे.