नेपियर की गोड ज्वारी? सोलापूरच्या रानात इंधनाचं पीक घेण्याआधी

माझ्या दाजींची मोहोळ तालुक्यात सहा एकर जमीन आहे. चार एकर भारी काळं रान, दोन एकर ओढ्याकाठचं मध्यम. विहिरीला पाणी आहे, पण एप्रिल-मेमध्ये जेमतेम. गेल्या महिन्यात कुणी तरी येऊन गॅस प्रकल्पासाठी नेपियर गवत लावा म्हणून टनाचा भाव सांगून गेलं. दुसऱ्याने इथेनॉलसाठी गोड ज्वारी सुचवली. दाजींनी फोन करून विचारलं, "काय करू?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण असा पेच जिल्ह्यात बऱ्याच जणांपुढे आहे.

भाव नंतर बघू. आधी बघायचं ते रानातून काय जातं आणि परत काय येतं. २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळालेले मृदाशास्त्रज्ञ रतन लाल हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत: पिकाचे अवशेष टाकाऊ नसतात, ते सगळे इंधनासाठी उचलले तर मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन, घटतो आणि माती वाहून जाते. आपल्याकडे कडबा तर पूर्वीपासूनच रानाबाहेर जातो, मागे उरतात ती धसकटं. त्यामुळे आपल्याला जास्त जपायला हवं.

ऊस मी या तुलनेत धरतच नाही. एका पिकाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, आणि आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे ते सातशे.

गोड ज्वारीवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मोठं काम केलंय, 'मधुरा' हा वाण त्यांचाच. कणसातलं धान्य घरी, ताटाचा रस इथेनॉलला, चिपाड जनावरांना. चार महिन्यांत रान मोकळं आणि पाणी उसाच्या मानाने फारच कमी. ऐकायला सोलापूरसाठीच बनवल्यासारखं वाटतं, पण दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे तोडलेलं ताट दिवसभरात गाळावं लागतं, नाहीतर साखर उतरते. जवळ गाळप नसेल तर विषय तिथेच संपला. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. ही ज्वारी गोडी धरते खरीप-उन्हाळ्यात. थंडीत आणि लहान दिवसांत ताटाचं वजनही घटतं, रसही. आणि आपली ज्वारी तर रब्बीची! भारी रान पावसाळाभर मोकळं ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरायची आणि त्या ओलीवर मालदांडी काढायची, हे आपलं गणित. मालदांडी ३५-१ ची निवडसुद्धा मोहोळच्याच संशोधन केंद्रावर झालेली. खरिपात भारी रानात गोड ज्वारी पेरली तर रब्बीची ओल तीच पिऊन टाकणार. काळ्या रानात मी ती पेरणार नाही.

नेपियरची गोष्ट वेगळी. एकदा ठोंब लावले की तीन-चार वर्षं नांगरट नाही. मुळं मातीत राहतात, जमीन झाकलेली राहते. मुळांनी मातीचं काय होतं ते दाजींना घरीच दाखवलं. बांधावरच्या जुन्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ आणि नांगरलेल्या रानातलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासात सोडली. रानातलं बघता बघता विरघळून तळाला चिखल झालं. बांधावरचं बऱ्याच वेळाने काढलं तरी हातात धरता येत होतं.

पण नेपियर उपसतंही तसंच. चांगल्या पाण्यावर एकरी ६० टन हिरवा माल निघाला असं धरा. त्यातला पाचवा हिस्सा सुका, म्हणजे १२ टन. सुक्या मालात दीड-दोन टक्के पोटॅशियम, म्हणजे वर्षाला २०० किलोच्या आसपास. म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या ५० किलोच्या आठ गोण्या झाल्या! आपली जमीन पोटॅशला श्रीमंत, म्हणून पहिली काही वर्षं कळणारही नाही. मध्यम रानात आधी कळेल.

दिलासा इतकाच की गॅस होताना कर्ब जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅश) स्लरीत, म्हणजे गॅस काढल्यावर उरणाऱ्या पातळ गाळात, राहतात. ती परत रानात आली तर हिशोब बराचसा जुळतो. म्हणून टनाच्या भावाइतकंच विचारायचं: स्लरी परत देणार का, किती, आणि आणून टाकायचं भाडं कुणाचं? स्लरीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे प्रकल्प लांब असेल तर वाहतूकच परवडत नाही. उत्तर कागदावर घ्या. इंधनाचं धोरण अचानक फिरू शकतं, हे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा आपण पाहिलंच आहे. ते उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

दाजींना माझा सल्ला असा: चार एकर काळं रान मालदांडीलाच ठेवा. ओढ्याकाठी नेपियर लावा, पण एकच एकर, कारण मेमध्ये विहीर दोन एकर भिजवणार नाही. प्रकल्पवाले स्लरीबद्दल लिहून देत नसतील तर तेच ठोंब गोठ्यातल्या म्हशींसाठी लावा, म्हणजे शेण तरी आपल्याच रानात पडेल. लागणीआधी त्या एकराचं माती परीक्षण करून घ्या, सेंद्रिय कर्ब आणि पालाशचे आकडे वहीत लिहून ठेवा, आणि दोन वर्षांनी त्याच जागची माती पुन्हा तपासायला द्या.